‘डॉक्टर, अजून किती दिवस?’ : वाढलेल्या कॅन्सरमध्ये आयुष्याचा अंदाज कितपत खरा ठरतो

जून २०२५ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने एक वादग्रस्त विधेयक ३१४ विरुद्ध २९१ मतांनी मंजूर केले. इंग्लंड आणि वेल्समधील असाध्य आजाराच्या प्रौढ रुग्णाला स्वतःचे आयुष्य संपवण्यासाठी वैद्यकीय मदत मागता यावी, असे ते विधेयक. पुढे ते हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेले आणि तिथेही त्यावर बरीच चर्चा झाली. धर्म, नीती, कायदा असे सगळे मुद्दे त्यात आले. डॉक्टरांचे लक्ष मात्र एका साध्या दिसणाऱ्या अटीकडे जास्त गेले. रुग्णाचा मृत्यू सहा महिन्यांच्या आत होईल, अशी वाजवी अपेक्षा असली पाहिजे, आणि हे डॉक्टरांनी सांगायचे.

ते विधेयक चांगले की वाईट, हा या लेखाचा विषय नाही. भारतात अशी मदत करणे बेकायदाच आहे. पण ‘सहा महिने’ या शब्दांमागचा प्रश्न आपल्याकडे रोज विचारला जातो. चौथ्या स्टेजच्या कॅन्सरची फाइल घेऊन घरातले कुणीतरी येते, पेशंटला बाहेर बसवते आणि हळू आवाजात विचारते, “डॉक्टर, खरं सांगा, अजून किती दिवस?” या प्रश्नाचे उत्तर विज्ञान किती अचूक देऊ शकते, कुठे देऊ शकत नाही, आणि त्या उत्तराचा उपयोग घरच्यांनी कसा करायचा, ते समजून घेऊ.

डॉक्टर बहुतेक वेळा जास्त सांगतात

अनेकांना वाटते की डॉक्टर मुद्दाम घाबरवून कमी दिवस सांगतात. अभ्यास उलटे सांगतात. अमेरिकेत शिकागो भागातील हॉस्पिसमध्ये दाखल झालेल्या ४६८ रुग्णांबद्दल ३४३ डॉक्टरांनी अंदाज दिले होते. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात फक्त २० टक्के अंदाज बरोबर आले. ६३ टक्के डॉक्टरांनी प्रत्यक्षापेक्षा जास्त आयुष्य सांगितले, तर १७ टक्क्यांनी कमी सांगितले. सगळे मिळून पाहिले, तर डॉक्टरांनी आयुष्य सुमारे पाचपट जास्त धरले होते.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. डॉक्टर आणि रुग्ण यांची ओळख जितकी जुनी, तितका अंदाज जास्त चुकत होता. वर्षानुवर्षे ज्यांना तपासले, ज्यांच्या मुलांची लग्ने पाहिली, त्यांच्याबद्दल कमी दिवस मनातही आणवत नाहीत. म्हणून तुमच्या फॅमिली डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्या, पण दिवसांच्या अंदाजासाठी नव्याने तपासणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारा.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. लॉकरबी विमान बॉम्बस्फोटात दोषी ठरलेला अब्देलबासेत अल-मेग्राही याला प्रोस्टेटचा वाढलेला कॅन्सर होता. अंदाजे तीन महिने उरले आहेत, या वैद्यकीय मतावर स्कॉटलंड सरकारने त्याला २० ऑगस्ट २००९ रोजी माणुसकीच्या कारणास्तव सोडले. तो २० मे २०१२ रोजी वारला, म्हणजे तब्बल दोन वर्षे नऊ महिन्यांनी. त्यावरून ब्रिटनमध्ये मोठा राजकीय गदारोळ झाला. एका माणसाच्या बाबतीत दिलेला एकच आकडा किती चुकू शकतो, याचे हे सगळ्यांसमोरचे उदाहरण आहे.

अंदाज कुठे चुकतो आणि कुठे बरोबर येतो

अंदाज सगळीकडे सारखाच चुकत नाही. लंडनमधील ९८ हजारांहून अधिक मृत रुग्णांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅन्सरबरोबर इतर आजारांचेही रुग्ण होते. ‘आता काही दिवसच’ असे ज्यांच्याबद्दल लिहिले होते, त्यांत सुमारे तीन-चतुर्थांश अंदाज बरोबर ठरले. ‘एक वर्ष किंवा जास्त’ असे लिहिले होते, तिथेही बहुतेक बरोबर ठरले. मात्र ‘काही आठवडे’ किंवा ‘काही महिने’ असे लिहिले होते, तिथे तीनांपैकी जेमतेम एक अंदाज जुळला.

म्हणजे दोन्ही टोके ओळखता येतात, मधला पट्टा धूसर असतो. कायद्यातले ‘सहा महिने’ नेमके या पट्ट्यात येतात. आणि बहुतेक कुटुंबे जेव्हा हा प्रश्न विचारतात, तेव्हा त्यांचा रुग्णही याच पट्ट्यात असतो. डॉक्टर “सांगता येत नाही” म्हणतात तेव्हा ती नेहमीच टाळाटाळ नसते. पण तेवढ्यावर थांबणेही बरोबर नाही, कारण काही गोष्टी नक्की सांगता येतात.

डॉक्टर अंदाज कशावरून बांधतात

गाठ किती सेंटिमीटरची आहे, स्कॅनमध्ये किती डाग दिसतात, यावर घरच्यांचे सगळे लक्ष असते. आजार शेवटच्या महिन्यांत आला की गाठीच्या मापापेक्षा माणूस दिवसभरात काय करू शकतो, हे जास्त बोलते.

यासाठी कॅनडात १९९६ मध्ये तयार झालेली पॅलिएटिव्ह परफॉर्मन्स स्केल जगभर वापरली जाते. १०० म्हणजे पूर्ण चालता-फिरता, ५० म्हणजे बहुतेक वेळ बसून किंवा पडून, ३० म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. त्यात पाच गोष्टी बघतात: चालणे-फिरणे, काम करणे, स्वतःचे स्वतः आवरणे, खाणे-पिणे आणि शुद्ध.

जपानमध्ये १९९९ साली याला जोडून एक निर्देशांक तयार झाला. त्यात वरच्या स्केलबरोबर चार प्रश्न आहेत. तोंडाने किती खाल्ले जाते? अंगावर, पायांवर सूज आहे का? नुसते बसले असतानाही धाप लागते का? रुग्ण बरळतो का, वेळ-जागेचे भान सुटते का? एकूण गुण सहाच्या वर गेले, तर आयुष्य तीन आठवड्यांपेक्षा कमी असण्याची शक्यता बरीच जास्त असते. यासाठी एकही रक्त तपासणी लागत नाही. तालुक्याच्या गावात, घरी जाऊनही डॉक्टर हे पाहू शकतात.

इटलीत तयार झालेल्या दुसऱ्या एका पद्धतीत धाप, भूक, हिंडण्या-फिरण्याची ताकद आणि पांढऱ्या पेशींचे प्रमाण यांच्यासोबत डॉक्टरांचा स्वतःचा अंदाजही मोजतात. तिचे उत्तर दिवसांत येत नाही. पुढचे ३० दिवस जगण्याची शक्यता ७० टक्क्यांहून जास्त, ३० ते ७० टक्के, की ३० टक्क्यांहून कमी, अशा तीन गटांपैकी एका गटात रुग्ण बसतो. रक्तात अल्ब्युमिन कमी होणे आणि सीआरपी वाढणे हीदेखील चांगली खूण नाही. शरीर आतून झिजत असल्याचे ते दाखवते.

ब्रिटनमध्ये अशीच एक पद्धत अनेक रुग्णांवर तपासून पाहिली गेली. ती डॉक्टर आणि नर्स यांनी मिळून केलेल्या अंदाजाइतकीच अचूक निघाली, त्याहून सरस नाही. म्हणून कॉम्प्युटरवर गुण टाकून कुणी नेमकी तारीख सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

‘सरासरी’चा खरा अर्थ

“या स्टेजला साधारण सहा महिने असतात” असे वाक्य ऐकले की घरातला प्रत्येक जण मनात कॅलेंडर उघडतो. पण त्या वाक्याचा अर्थ वेगळा असतो. असे १०० रुग्ण घेतले, तर ५० जण सहा महिन्यांच्या आधी जातात आणि ५० जण त्यानंतरही असतात. सहाव्या महिन्यात सगळे जातात असे मुळीच नाही.

अमेरिकेतील प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटाच्या आतल्या आवरणाचा दुर्मिळ कॅन्सर झाला. त्या वेळच्या पुस्तकांत त्या आजाराचा मधला आकडा आठ महिन्यांचा होता. ते त्यानंतर २० वर्षे जगले. त्यांनी स्वतः यावर लिहिले की मधला आकडा म्हणजे निकाल नव्हे. सगळ्यांच्या वाट्याला असे येत नाही, हेही तितकेच खरे. पण आकड्याच्या दोन्ही बाजूंना माणसे असतात, एवढे त्यातून नक्की शिकावे.

ऑस्ट्रेलियातील कॅन्सरतज्ज्ञांनी यावर एक सोपा मार्ग सुचवला आहे. मधला आकडा सहा महिने असेल, तर साधारण निम्मे रुग्ण तीन महिने ते एक वर्ष या दरम्यान जातात. दहातील एखादा दीड वर्षाच्या पुढे जातो. दहातील एखादा दीड महिन्याच्या आतच जातो. म्हणून डॉक्टरांना एक आकडा मागू नका. “सगळं चांगलं झालं तर किती, बिघडलं तर किती, आणि बहुतेकांच्या बाबतीत काय होतं?” असे तीन भागांत विचारा. हे उत्तर जास्त खरे असते आणि त्यावर घराचे नियोजनही करता येते.

घरच्यांनी काय पाहायचे

पॅलिएटिव्ह केअरमध्ये एक साधा ठोकताळा वापरतात. रुग्णाची तब्येत महिन्या-महिन्याला उतरत असेल, तर हिशोब महिन्यांचा असतो. आठवड्या-आठवड्याला उतरत असेल, तर आठवड्यांचा. रोज कालच्यापेक्षा आज कमी असे दिसत असेल, तर दिवसांचा. हा नियम शंभर टक्के नाही, पण घरी बसून समजतो.

यासाठी एक वही ठेवा. दर रविवारी चार ओळी लिहा: संडासला स्वतः गेले का, किती जेवले, दिवसातले किती तास झोपून होते, बोलणे नीट होते का. डॉक्टरांकडे जाताना जाडजूड फाइलसोबत ही वही न्या. महिन्याभराचा उतार किंवा स्थिरता तिच्यात लगेच दिसते.

मात्र अचानक झालेली घसरण म्हणजे शेवटच असे धरू नका. कॅन्सरमध्ये रक्तातले कॅल्शियम वाढले की माणूस बरळतो, गळून जातो. सोडियम कमी झाले, लघवीचे इन्फेक्शन झाले, न्यूमोनिया झाला, छातीत पाणी साचले, औषधांमुळे आठवडाभर पोट साफ झाले नाही, तरी रुग्ण एकदम खाली येतो. यातल्या बऱ्याच गोष्टींवर साधे उपचार आहेत. दोन-तीन दिवसांत झपाट्याने बिघडले, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक गोष्ट. काही फुफ्फुसांच्या कॅन्सरमध्ये ठरावीक जनुकीय बदल सापडला, तर गोळ्यांनी अंथरुणाला खिळलेला रुग्णही उठून बसू शकतो. इम्युनोथेरपीनेही काही आजारांचे चित्र बदलले आहे. जुन्या आकडेवारीत हे रुग्ण नव्हते. म्हणून “आमच्या पेशंटची अशी तपासणी झाली आहे का, अशा औषधाचा उपयोग होण्याची शक्यता आहे का?” हे कॅन्सरतज्ज्ञांना एकदा स्पष्ट विचारून घ्या. उत्तर “नाही” आले, तर तेही मनाशी नोंदवा.

शेवटच्या काही दिवसांच्या खुणा मात्र बऱ्याच स्पष्ट असतात. रुग्ण जवळजवळ सतत झोपेत असतो, पाण्याचा घोटही गिळवत नाही, लघवी खूप कमी होते, हातपाय थंड आणि ठिपकेदार निळसर पडतात, श्वासात खंड पडतो किंवा घशात घरघर ऐकू येते. या वेळी जबरदस्तीने भरवू नका, ठसका लागतो. ओठ आणि तोंड ओले ठेवा. जवळ बसा. घरघर किंवा अस्वस्थता असेल, तर पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांकडे त्यासाठी औषधे असतात.

अंदाज चुकला तर किंमत कोण मोजते

कमी दिवस सांगितले गेले, तर काही जण उपयोगी उपचारही सोडून देतात. जास्त सांगितले गेले, तर त्याचीही किंमत असते. शेत गहाण टाकून चौथ्या प्रकारचे केमो सुरू होते. शेवटचे पंधरा दिवस आयसीयूमध्ये, काचेच्या पलीकडे जातात. अमेरिकेतला मुलगा ‘दिवाळीला येतो’ म्हणून तिकीट काढतो आणि गणपतीतच फोन येतो. मृत्युपत्र, बँकेचे नॉमिनेशन, कुणाची मागायची राहिलेली माफी, सगळे राहून जाते.

अमेरिकेत सरकारी विम्यातून हॉस्पिसची सेवा मिळवायला ‘सहा महिन्यांपेक्षा कमी आयुष्य’ असे डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, आणि आजार बरा करण्यासाठीचे उपचार थांबवावे लागतात. हक्क सहा महिन्यांचा असूनही तिथे निम्मे रुग्ण हॉस्पिसमध्ये तीन आठवडेही राहत नाहीत. अनेक जण फार उशिरा पोचतात. प्रमाणपत्रातल्या आकड्याची वाट पाहण्यात सेवेचे दिवस निघून जातात.

आपल्याकडे पॅलिएटिव्ह केअरसाठी असे प्रमाणपत्र लागत नाही, ही आपली जमेची बाजू आहे. तिचा आपण पुरेसा उपयोग करत नाही. “तिकडे पाठवलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले” असे घरच्यांना वाटते. हा समज चुकीचा आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीपासूनच कॅन्सरच्या उपचारांसोबत पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांचे जगणे जास्त सुखाचे होते, उदासी कमी होती. शेवटी त्यांच्यावर त्रासदायक उपचारही कमी झाले. तरीही त्यांच्या आयुष्याचा मधला आकडा ११.६ महिने आला, इतरांचा ८.९ महिने.

म्हणून पॅलिएटिव्ह केअर कधी सुरू करायची, हे उरलेल्या दिवसांवर ठरवू नका, त्रासावर ठरवा. दुखणे, धाप, उलट्या, झोप नसणे, घरच्यांची दमछाक यांपैकी काहीही असेल, तर वेळ आलेली आहे. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये यासाठी स्वतंत्र विभाग आहे. वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, तिची शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, तिथे सेवा मोफत मिळते. लांब राहत असाल, तर जिल्हा रुग्णालयात या सेवेची चौकशी करा.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते. त्याची एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडेही ठेवता येते. शुद्ध हरपल्यावर व्हेंटिलेटर हवा की नको, निर्णय कुणी घ्यायचा, हे त्यात लिहिता येते. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली.

२०२४ मध्येच केंद्रीय आरोग्य खात्याने जीवरक्षक उपचार थांबवण्याबाबतचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात असाध्य आजाराच्या व्याख्येत महिन्यांचा आकडा नाही. नजीकच्या काळात मृत्यू अटळ आहे, अशी शब्दयोजना आहे. मला हे जास्त प्रामाणिक वाटते, कारण जे विज्ञानाला मोजता येत नाही ते कायद्याने मोजायला लावलेले नाही. पण यात धोकाही आहे. आकडा नसला की बोलणेच पुढे ढकलले जाते. ‘अजून बघू’ म्हणता म्हणता रुग्ण बोलण्याच्या पलीकडे जातो.

पुढच्या भेटीत काय विचारायचे

हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

१. आमचा हिशोब वर्षांचा आहे, महिन्यांचा, आठवड्यांचा की दिवसांचा?
२. चांगले झाले तर काय, बिघडले तर काय?
३. पुढच्या केमोने आयुष्य किती वाढेल, आणि त्यातले किती दिवस दवाखान्यात जातील?
४. कोणती खूण दिसली की तुमचा अंदाज बदलेल? पुन्हा कधी विचारू?
५. रात्री त्रास झाला तर घरी काय करायचे, कुणाला फोन करायचा?
६. परगावच्या मुलांना आत्ता बोलवावे का?

शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. डॉक्टरांनी “माझ्या घरचं असतं तर बोलावलं असतं” असे म्हटले, तर तिकीट काढा. पेशंट त्यानंतर सहा महिने जगले, तर भेट फुकट गेली असे होत नाही.

“त्यांना काही सांगू नका” असे घरचे डॉक्टरांना सांगतात, त्यामागे प्रेमच असते. पण बहुतेक रुग्णांना आपल्या अंगावरून बरेच कळलेले असते. ते तुम्हाला जपण्यासाठी गप्प असतात आणि तुम्ही त्यांना. त्यांना आधी एवढेच विचारा, “आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?” ‘नको’ म्हणाले तर आग्रह करू नका, पुन्हा कधीतरी विचारा. ‘सांगा’ म्हणाले तर डॉक्टरांच्या मदतीने सांगा. गावच्या घरी जायचे आहे का, कुणाला भेटायचे आहे, शेवटी हॉस्पिटल हवे की घर, हे फक्त तेच सांगू शकतात, आणि शुद्ध चांगली असेपर्यंतच सांगू शकतात.

ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या रुग्णाचा आजार, त्याचा प्रकार आणि आधी झालेले उपचार पाहूनच त्याच्याबद्दल अंदाज करता येतो. म्हणून उपचार थांबवण्याचा किंवा बदलण्याचा निर्णय तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांशी आणि पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.